कानापर्यंतचा हात

आमच्या मामांइतका भित्रा नगरसेवक औरंगाबादेत झाला नाही, आणि त्यांच्याइतका हजर नगरसेवकही झाला नाही! दोन्हींचं कारण एकच. "अरे, नाय गेलं तर माघारी कायबी ठरवतेत, अन् गेलं तर तोंडावर ठरवतेत. तोंडावर बरं," असं म्हणत ते सभेच्या तासभर आधी जाऊन बसत, तेही पळायला सोपं म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर. अंगात ताप असला तर मफलर गुंडाळून जात. पैठणला सख्ख्या पुतणीचं लग्न होतं, तर अक्षता पडल्या-पडल्या भरली पंगत सोडून मामांनी एसटी गाठली. हजेरीपटावर सही केली की शाई वाळेपर्यंत फुंकर मारत आणि कारकुनाला विचारत, "उमटली ना?"

एवढं करून सभेत ते बोलत काहीच नसत. मतदानाची मात्र त्यांची खास कला होती. "हात वर करा" म्हटलं की मामांचा हात कानापर्यंत जाई आणि तिथंच थांबे. आजूबाजूला हातांचं रान उठलं तर तो वर सरके. नाही उठलं तर कान खाजवून खाली येई. अख्खी गल्ली या कानाला हसायची. मी तर लग्नाकार्यात नक्कल करून टाळ्या घ्यायचो.

मग एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली विहीर बुजवून तिथं दुकानांचे गाळे काढायचा ठराव आला. आमचं पिणं-धुणं सगळं त्याच विहिरीवर. सभेच्या आदल्या दिवशी मामांच्या पक्षाचे गटनेते घरी आले. चहा घेतला, मामीच्या चिवड्याचं कौतुक केलं आणि उठता उठता गोड आवाजात विचारलं, "तुमची मुलगी आपल्या पालिकेच्या शाळेत अजून टेंपररीच आहे ना?" बस, एवढंच. ते गेल्यावर मामांनी दाराला आतून कडी घातली आणि ती लागली का, हे मामीला तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी निघताना विहिरीशेजारच्या खालाबींनी वाट अडवली. "भाईजान, आज हाथ पूरा उठाना. कान तक नक्को."

"खालाबी, पोरीची नोकरी हाय हो," मामा एवढंच पुटपुटले.

मी प्रेक्षकांत बसलो होतो. ठरावाच्या बाजूनं हातांचं रान उठलं. मग अध्यक्ष म्हणाले, "विरोधात?" मामांचा हात कानाशी गेला. थांबला. गटनेत्यांनी मागं वळून पाहिलं, हसून. मामांनी डोळे गच्च मिटले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तो हात, कुणा परक्याचा असावा तसा, ढकलून वर नेला. सभागृहात तेवढा एकच हात.

कारकुनानं विचारलं, "साहेब, कान खाजवताय का विरोध हाय?"

"वि... विरोध. लिही. अन् उमटलं का बघ."

विहीर बुजली. मुलीची नोकरीही शाळा उघडायच्या आत गेली. ती ओसरीवर शिकवण्या घेऊ लागली. मामा पुढेही तितकेच भित्रे राहिले आणि तितकेच हजर. हजेरीपटावर त्यांची सही पानोपानी सापडेल, सभेच्या इतिवृत्तात नाव मात्र एकदाच आहे: विरोध, एक. नक्कल मी त्या दिवसापासून सोडली.

आता मामा नाहीत. त्या गाळ्यांसमोर टँकर येतो तेव्हा रांगेत भांडणं होतात, घागरी आपटतात. पण पहिली घागर मामीची, यावर कुणी वाद घालत नाही. म्हाताऱ्या खालाबी ती स्वतः पुढे सरकवतात आणि नव्या बिऱ्हाडकरूंना सांगतात, "उनका हाथ उठा था."