अडलेल्या शब्दापुढे हात जोडून

ऑपरेशननंतर मी सगळ्यांत आधी बोलणं सोडलं ते देवीशी. माणसांशी बोलण्यावाचून इलाज नव्हता. घशातली गाठ साधीच निघाली, डॉक्टरांनी ती काढली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाजाची नस दुखावली होती. अगदी मुकी झाले नाही, पण जो आवाज उरला तो घोगरा, फाटका, दोन वाक्यांत दमणारा. हळूहळू बराचसा परत येईल, असं सांगितलं होतं.

सांगली सोडून कॉलेजातल्या नोकरीसाठी इंदूरला आले, तेव्हापासून रोज सकाळी देवीपुढे बसून मोठ्याने स्तोत्र म्हणायचं, हा माझा नेम. घरात पाहुणे असोत की कॉलेजच्या परीक्षा, तो चुकला नव्हता. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच सकाळी आसन घातलं, दिवा लावला, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या ओळीला श्वास पुरेना. "मनातल्या मनात म्हण ना," नवरा म्हणाला. तेही करून पाहिलं, पण मन भलतीकडेच भटकायचं. मग नुसती बसू लागले, मग उभ्यानेच नमस्कार, मग तोही सुटला. दिवा नवरा लावायचा. देवीवर राग असता तरी बरं होतं. देवघरावरून जाताना काहीच वाटेनासं झालं होतं, आणि त्याचीच भीती वाटायची.

आवाजाच्या व्यायामासाठी मी एका स्पीच थेरपीच्या दवाखान्यात जायचे. फरक दिसेना, तेव्हा तेही बंद करायचं ठरवलं. फोनवर माझं बोलणं कुणाला समजत नसे, म्हणून तेवढं सांगायला स्वतः गेले. "डॉक्टर मॅडमको टाइम लगेगा मॅडमजी, बसा ना थोडा वेळ," काउंटरवरची मुलगी म्हणाली. खरं तर निरोप तिच्याकडेच ठेवून निघता आलं असतं. का बसले, ते आजही सांगता येत नाही.

शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, ताठ मानेच्या. त्यांचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. बरोबर त्यांची सून मीना. तिनेच ओळख करून दिली. या शकुंतलाबाई, इंदूरजवळच्या महूच्या. वडील, आजोबा फौजेत. स्वतः शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. लकव्याने उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. "आईंना समजतं सगळं," मीना म्हणाली, "बस, शब्द निकलतच नाही. पहिले तर माझं नावपण नव्हतं घेता येत."

तिने मला विचारलं आणि मीही सांगत गेले. आवाजाचं सांगितलं, आणि नवऱ्यालाही जे धड सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बायकांना सांगून बसले, की माझी उपासना सुटली आहे, आणि आता बसावंसंही वाटत नाही.

शकुंतलाबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, छातीशी आणला आणि त्याला डावा हात जोडला. "वंदना म्हणतायत," मीना हळूच म्हणाली. "लकवा झाल्यावर रोज सकाळी बसायच्या आणि एकच शब्द यायचा. पुढे गाडी अटकली की रडायच्या. दुसऱ्या दिवशी फिर से बसायच्या."

"बुद्धं," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलत होते, कपाळावर शीर उमटली होती, शब्द येत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती ओळ कुणाला ठाऊक नसते? मी माझ्या फाटक्या आवाजात म्हटलं, "सरणं." त्यांचा चेहरा उजळला. पुढचा शब्द त्यांनी स्वतः म्हटला. तिन्ही शरणं आम्ही अशीच म्हटली; त्या अडल्या की मी शब्द द्यायचा, माझा श्वास संपला की त्यांनी पुढे न्यायचं. संपल्यावर लक्षात आलं, एवढ्या वेळात माझा आवाज कसा येतोय याचा विचारच मनात आला नव्हता.

"आता... तू... तुझं," त्या म्हणाल्या.

"इथे?"

त्यांनी मुख्याध्यापिकेसारखी मान हलवली. मी डोळे मिटून स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. दुसरीला आवाज फाटला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली. ओळ पूर्ण झाली. डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मी रडत होते. बंद करायला आले होते, ते पुढची वेळ घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसन घातलं. एकच श्लोक झाला. पण उठताना उद्या पुन्हा बसायची ओढ होती, आणि ती मी आणलेली नव्हती. त्यानंतर कधी चार श्लोक होतात, कधी दोन ओळी. आवाज थोडा सुधारला आहे, पूर्वीचा काही यायचा नाही. शकुंतलाबाईंच्या वाटेवर देवीला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. माझी श्रद्धा मी त्यांच्यावर लादत नाही. पण माझ्यापुरतं विचाराल, तर त्या दुपारी मला कुणीतरी त्या खुर्चीवर बसवलं.

यंदा बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला महूला घरी बोलावलं. घर भरलं होतं. वंदना म्हणताना मधेच त्या अडल्या. सगळ्यांना तो शब्द येत होता, तरी कुणी सांगितला नाही. बाईही घाबरल्या नाहीत, जोडलेल्या हातांनी शांत थांबल्या. त्यांची ती शांतता पाहून माझेही हात आपोआप जुळले. शब्द आणणं आपल्या हाती नसतं. त्याच्यासाठी बसून राहणं तेवढं असतं, आणि त्याचं बळसुद्धा कुणीतरी देतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांचे ओठ हलले, आणि शब्द आला.