आजोबांनी कधी खाल्लं

हॉस्पिटलच्या वॉर्डात तिला सगळे होबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. कुणीही काहीही विचारलं की ती आधी ‘हो’ म्हणायची आणि मग विचारलं काय याचा विचार करायची. चादरी बदलल्या का? हो. बदललेल्या नसायच्याच, मग बाईसाहेब धावत जाऊन बदलायच्या. कुणाला ‘नाही’ म्हणायचं किंवा ‘ठाऊक नाही’ म्हणायचं, हे तिला लहानपणापासून जमलं नव्हतं.

आया म्हणून लागली होती ती. दोन मुलं आणि नवऱ्याच्या तक्रारी सांभाळत तिने साहाय्यक नर्सचा कोर्स पुरा केला होता. आता पांढरा गणवेश मिळाला होता, पण नोकरी कायम झाली नव्हती. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर दुसऱ्या भाषेच्या, त्यामुळे सकाळी ड्यूटी बदलताना प्रत्येक पेशंटची हकिकत त्यांना इंग्रजीत सांगावी लागे. हे जमलं तर कायम, नाही तर पुन्हा बेडपॅन, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं.

त्या दिवसापासून होबाई रोज सकाळी इंग्रजी वाक्यं पुटपुटत वॉर्डात फिरायची. इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. ‘ही एट ॲट एट’, ‘शी स्लेप्ट वेल’ अशी वाक्यं ती धडाधड म्हणून दाखवायची. गाडी अडायची ती माहीत नसलेल्या गोष्टीपाशी. यांनी कधी खाल्लं ते मला माहीत नाही, एवढं साधं वाक्य घशातून बाहेर यायचं नाही. मग ती अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, त्यामुळे सवयच लागली.

शेवटी ती थोरल्या नणंदेला शरण गेली. नणंद इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, वरच्याच मजल्यावर राहायची आणि कुणाला काही शिकवायला मिळालं नाही तर आजारी पडायची.

“तुझं होतं काय सांगू?” मटार सोलता सोलता नणंद म्हणाली. “‘व्हेन’ तोंडात आलं की तू प्रश्नच विचारत सुटतेस. ‘व्हेन डिड ही ईट?’ हा झाला प्रश्न. तो सिस्टरने विचारायचा. तुला सांगायचंय ना? मग आधी ‘आय डोन्ट नो’ म्हण, त्याला ‘व्हेन’ने पुढचं वाक्य जोड, आणि ते ‘डिड’ घरी ठेवून जा. ‘आय डोन्ट नो व्हेन ही एट.’”

“म्हणजे इथे ‘व्हेन’ काही विचारत नाही?”

“अजिबात नाही. इथे ते नुसतं पुढच्या वाक्याला हाताला धरून आत आणतं. व्हेअर, व्हाय, हाऊ, सगळे तसेच. ‘आय नो व्हेअर शी लिव्ज.’ ‘टेल मी हाऊ यू डिड इट.’”

“आणि आपलं ‘जिथे’, ‘जेव्हा’?”

“त्यालाही तेच. ‘द रूम व्हेअर ही स्लीप्स’, तो जिथे झोपतो ती खोली. आपल्याकडे ‘कुठे’ निराळं आणि ‘जिथे’ निराळं. त्यांनी एकाच शब्दावर भागवलंय, कंजूष मेले.”

जिन्यात उभा राहून नवरा ऐकत होता. “आय डोन्ट नो व्हेन वुई ईट!” तो ओरडला. दोघी हसल्या. मग होबाई हळूच म्हणाली, “ताई, वाक्य येईल हो मला. पण माहीत नाही असं म्हटलं तर सिस्टर म्हणतील ना, मग तू रात्रभर केलंस काय?”

“ते काही व्याकरणात येत नाही बाई,” नणंद म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे घडलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. सकाळी त्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं, आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यांना काही म्हणजे काही द्यायचं नव्हतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसात जातं आणि माणूस टेबलावरच दगावू शकतो, हे होबाईने कोर्सात घोकलं होतं. रात्री आठला तिने स्वतः त्यांना पेज भरवली होती. सकाळी त्यांची उशी सारखी करायला गेली, तर मानेखाली बिस्किटाचा चुरा. ओलसर.

शेजारी स्टुलावर आजी बसल्या होत्या. “आजी, यांना काही दिलंत का हो?”

“नाही गं पोरी,” आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्याच. एकेक खाट करत खिडकीपाशी पोचल्या. “व्हेन डिड ही लास्ट ईट?”

“आय डोन्ट...” होबाईने सुरुवात केली. सिस्टरनी मान वर केली. चष्म्यावरून त्यांचे डोळे दिसले आणि हिचा धीर सुटला. “ॲट एट, सिस्टर. लास्ट नाइट.”

“गुड,” सिस्टर म्हणाल्या आणि पुढे गेल्या. इतकं सफाईदार वाक्य तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली. एक बूट काढून तिने चप्पल घातली, दुसऱ्याची नाडी सुटेना. चुरा आजींचाच असेल, ती स्वतःला समजावू लागली. बसल्या बसल्या त्यांनीच खाल्लं असेल. मग तो आजोबांच्या मानेखाली कसा गेला? वाऱ्याने उडाला असेल. ओला चुरा कधी उडतो का, मूर्ख बाई? पण आता जाऊन सांगायचं तरी काय, की मघाशी मी थाप मारली? नोकरी गेली म्हणून समज. धाकट्याची फी, नवऱ्याचं बोलणं, पुन्हा ते बेडपॅन. भिंतीपलीकडून ट्रॉलीच्या चाकांची कुरकुर ऐकू आली. ट्रॉली दारावरून ऑपरेशन थिएटरच्या दिशेने गेली आणि लांब लांब जाऊ लागली.

एका पायात बूट, दुसऱ्या पायात चप्पल अशी ती पळत सुटली. बोळाच्या टोकाला थिएटरचं दार उघडलेलं होतं, ट्रॉलीचं पुढचं टोक आत गेलं होतं, सिस्टर मागून ढकलत होत्या.

“सिस्टर! स्टॉप! आय डोन्ट नो व्हेन डिड ही एट!”

नणंदेने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. पण ट्रॉली थांबली. भूल देणारे डॉक्टर मास्क खाली ओढून बाहेर आले. आजींना बोलावलं गेलं. बोळात सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहून म्हातारी रडायलाच लागली.

“पहाटे दिली दोन बिस्किटं, दुधात बुडवून. भूक भूक करत होते गं. मला नाही बघवलं.”

होबाईने सिस्टरना ते जमेल तसं सांगितलं. डॉक्टरांनी मानेनेच नकार दिला, ट्रॉली मागे फिरली. आजोबा छताकडे बघत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आस्क हर,” त्या म्हणाल्या, “व्हाय शी डिड नॉट टेल अस.”

होबाईने विचारलं. आजींनी पदराने डोळे पुसले. “सगळे ओरडतील म्हणून घाबरले. दुसरं काय?”

“शी वॉज अफ्रेड, सिस्टर.”

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. आधी चेहऱ्याकडे, मग खाली त्या बूट-चपलेकडे.

“अँड यू?”

‘आय डोन्ट नो व्हाय.’ वाक्य अगदी शुद्ध होतं, जिभेवर तयारही होतं. पण ते खरं नव्हतं. का ते तिला चांगलं माहीत होतं.

“मी पण घाबरले,” ती म्हणाली. मराठीतच म्हणाली. सिस्टरनी ते कुणालाही इंग्रजीत सांगायला लावलं नाही.