मामंजींचं उष्टं

सासरे गेले आणि मला रडायचंय की भांडायचंय, तेच कळत नाहीये.

मी डेंटिस्ट. सातारची. लग्न होऊन कुंभकोणमला आले, त्याला नऊ वर्षं झाली. सासरचे लोक इथल्या मराठा राजांच्या काळात इकडे आलेले मराठी, पक्के वैष्णव.
मी त्यांच्या जातीतली नाही. मामंजी आमच्या लग्नाला आले होते, पण जेवले नव्हते.

हे आधीच सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

मागच्या वर्षी त्यांचे पुढचे दात हिरडीपाशी झिजले. जवळच्याच त्यांच्या गावाहून, तिरुविडैमरुदूरहून, बसने एकटेच माझ्या क्लिनिकला आले. खुर्चीत बसले. मी रिट्रॅक्टर उचलला. म्हणजे ओठ आणि गाल बाजूला धरून ठेवणारी ती प्लॅस्टिकची चौकट.

त्यांनी तोंड फिरवलं.
"तूं नको. मजला दे. मीच लावितों."

आरशात बघून एक बाजू गालात घातली. दुसरी घालायला गेले तर पहिली टुणकन बाहेर! तीनदा. माझी असिस्टंट सेल्वी हसू दाबत भिंतीकडे वळली.

"मामंजी, दहा सेकंदांचं काम आहे हो. रोज लावते मी लोकांना."
"तें परक्यांचं. माझ्या उष्ट्याला तूं हात लावायचा नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग दुसरा डॉक्टर बघा.

आणि खरंच गेले की! त्यांच्या गावातल्याच एकाकडे. तो डॉक्टर नंतर मला एका लग्नात भेटला. म्हणाला, "मॅडम, तुमचे मामनार किती शांत पेशंट! रिट्रॅक्टर लावला, हूं की चूं नाही."

म्हणजे?
सोवळं असतं तर तिथेही अडलं असतं ना? त्या डॉक्टरची जात थोडीच विचारली त्यांनी!
मग फक्त माझाच हात नको होता? की सुनेने आपल्या थुंकीत हात घालू नये, असं वाटत होतं?

नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "अप्पा असेच आहेत."
असेच म्हणजे कसे, बाबा?

त्यांनाच विचारीन म्हणत राहिले. रागात "जेवलात का" एवढंच बोलत राहिले.

परवा दुपारी सासूबाईंनी तुळशीचं पाणी आणलं. मामंजींचे दात घट्ट मिटलेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दात उघडले नाहीत तरी गालाच्या बाजूने पाणी आत जातं, हे मला माहीत होतं. हात धुतले. गालाच्या आत बोट सरकवून ओठ हळूच बाजूला ओढला. नवऱ्याने चमच्याने पाणी सोडलं.

त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं. हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

ढकलत होते की धरत होते?
हातात जोरच नव्हता हो. मला खरंच कळलं नाही.

मी बोट काढलं नाही.

संध्याकाळी गेले.

रागावला असाल तर रागवा, मामंजी. नमस्कार करते.