पाळीपाळीची सुट्टी

आमच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवायचं मशीन एकच. दिवसपाळीला त्यावर तो, म्हणून आम्ही त्याला झाकण्या म्हणायचो. दुपारपाळीला ती यायची. मी पॅकिंगच्या टेबलावरची, सगळ्यांची मावशी. यांचं जुळलं ते माझ्या डोळ्यांदेखत! मशीन ताब्यात देताना तो म्हणायचा, "पट्टा सैल झालाय, जपून." ती म्हणायची, "तुम्ही जेवलात का?" एवढंच बोलणं, आणि लाजून लाल कोण व्हायचं? झाकण्या!

लग्न ठरलं. नवीन जोडप्याला भरपगारी सुट्टी होतीच. पण सुपरवायझर म्हणाला, "दोघं गेले तर मशीन कोण चालवणार? आधी तो घेईल, मग ती."

माझं डोकंच फिरलं. "अहो, लग्न काय पाळीपाळीनं करायचं असतं?" पण माझं कोण ऐकतंय! सुट्टी असून झाकण्या रोज फाटकाबाहेर ताटकळत उभा. त्याची सुट्टी संपली आणि तिची सुरू झाली, तेव्हा डबा घेऊन ती उभी. बिचारी म्हणायची, "मावशी, एकदा दोघांनी निवांत बसून चहा प्यायचाय हो." मला भरून यायचं.

मुलगी झाली तेव्हाही तेच. तिची सुट्टी संपल्यावर त्याची. पुढे दोघं आपापल्या पाळीला. पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नाही, म्हणून रोज याच फाटकात ती कडेवरून कडेवर जायची. झाकण्या तिला घेऊन घरी, आई आत.

परवा मशीन मोडलं. देव पावला म्हणायचा! दुरुस्ती होईपर्यंत दोघांनाही भरपगारी सुट्टी. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. खोलीत चटईवर दोघं शेजारी शेजारी, पुढ्यात चहा. ती नुसती फुलली होती.

छकुली नुकती चालायला लागलेली. तिनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग दारामागची आईची कामाची पिशवी फरफटत आणली, तिच्या मांडीवर ठेवली, बापाच्या कुशीत शिरली आणि हात हलवला, "टाटा."

आम्ही हसलो. "अगं, आज आई नाही जायची," झाकण्या म्हणाला.

छकुली हात हलवतच राहिली. आई काही उठेना, तशी ती घाबरून रडायला लागली. बापानं थोपटलं, मी खेळवलं, पण छे. शेवटी आईनं चहा तसाच ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

पोरगी गप्प झाली.