नात्याचा रकाना

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. माझ्या घरात माणूस मी एकटीच. दिवाणी न्यायाधीश म्हणून शेवटची बदली सोलापूरला झाली आणि निवृत्तीनंतर तिथल्याच जुळे सोलापूर भागात राहिले. नोकरीत असताना पक्षकार भेटतील म्हणून कुणाच्या लग्नाला गेले नाही, कुणाकडे चहा घेतला नाही. आता कुणी बोलावतही नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

सोबत स्वयंपाकाच्या बाईंना घेऊन गेले. काउंटरवरच्या कारकुनानं विचारलं, "ह्या तुमच्या कोण लागतात?"

मला माझ्याच कोर्टातला एक म्हातारा आठवला. चादरींच्या कारखान्यातले दोघे कामगार, नात्याचे ना गोत्याचे, एका भाड्याच्या खोलीत वीस वर्षं राहिले. ज्याच्या नावावर खोली होती तो वारला. उरलेल्याला बाहेर काढायला मालकानं दावा लावला. कायद्यात होतं, भाडेकरूच्या मागं त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला खोली मिळते. कायद्याचा हेतू बघावा, तर माणसाच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये. शब्द बघावा, तर नातं रक्ताचं किंवा लग्नाचं हवं. अख्खा रविवार मी तो शब्द ताणून पाहिला. पण मला अर्थ लावायचा होता, कायदा नव्यानं लिहायचा नव्हता. खोली सोडायला तीन महिने दिले.

म्हातारा म्हणाला, "त्याचं आजारपन मी काडलं, बाई. मग मी कोन?"

निकाल होऊन गेला होता, त्यामुळं ते लिहून घ्यायचं कारण नव्हतं. पुढं तो कुठं गेला, मी विचारलं नाही. निकाल आजही मला बरोबर वाटतो, आणि तरी म्हातारा मनातून जात नाही.

कारकुनाला बाईंनीच उत्तर दिलं. "लागायचं काय त्यात? सकाळ-संध्याकाळ मीच असते की."

"बहीण लिहितो," तो म्हणाला. मागं रांग होती.

'तसं लिहिता येणार नाही' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर तेच म्हणत आले. ह्या खेपेला गिळलं.

बाईंनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली. सहा वर्षं माझ्या घरात वावरणाऱ्या बाईंचं आडनाव मी तिथं पहिल्यांदा वाचलं.