गयामावशीची करा-केळी

गयामावशी माती चावून पाहायची. पोत्यातून चिमूटभर उचलायची, पुढच्या दातांखाली हलकेच रगडायची, थुंकायची आणि निकाल द्यायची. "हर्सूलकडची हाय. रेती लई. कुंडीला चालंल, माठाला नाय." गारखेड्यातल्या ज्या कलाकेंद्रात मी निवृत्तीनंतर जायला लागलो, तिथं माती तपासायला बारीक जाळीच्या चाळण्या होत्या आणि ओल मोजायचं एक यंत्रही होतं. यंत्राचे सेल बहुतेक वेळा संपलेले असत. मावशीचे दात साठीतही शाबूत होते.

केंद्राच्या कागदोपत्री ती 'क्ले असिस्टंट' होती. म्हणजे सकाळी फरशी पुसायची आणि दिवसभर माती मळायची. संचालक दोन वर्षं परदेशात राहून आले होते आणि येताना पोर्सेलीनचं वेड घेऊन आले होते. पोर्सेलीन म्हणजे चिनी मातीतलं सगळ्यांत उच्चकुलीन घराणं. पांढरंशुभ्र, आणि इतकं पातळ की उजेडासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसावीत. नव्या तुकडीपुढं ते दर वेळी एकच भाषण करत: माती आपल्याशी बोलते, आपण फक्त ऐकायला शिकलं पाहिजे. एकदा भाषण संपल्यावर माझ्या शेजारच्या बाईंनी मावशीला हळूच विचारलं की तुमच्याशी काय बोलते हो माती? मावशीनं मळता हात थांबवला नाही. "बोलत नाय तेच बरं हाय. बोलली असती तर पयली शिवीच दिली असती."

लोक शंका घेऊन येत आणि शंका त्याच त्या असत. संचालकांना विचारलं की उत्तर फार लांबून सुरू होई, जपानवरून वगैरे. म्हणून लोक मावशीला गाठत. सुरुवात चाकावर करावी की हातानं? मावशी सांगायची, आठ दिवस नुसती माती मळा. कंटाळा आला तर घरी जा, नाही आला तर मग विचारायला या. भांडं सुकताना का तडकलं? "तुम्ही मोबाइल बघत व्हता, तवा त्याला एका अंगानं वारा लागला." हा कप ओव्हनमध्ये चालेल का? यावर ती म्हणायची की माझ्या घरी ओव्हन नाही, मी कशी सांगू. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं सांगणारं केंद्रात हे एकच माणूस होतं. हे मी स्वतःला धरून सांगतो आहे.

मी जन्मभर एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. त्यामुळं मला सगळं ठाऊक असणार, असा संचालकांचा समज झाला आणि त्यांनी 'नेहमीचे प्रश्न' अशी एक पुस्तिका लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. मी मावशीशेजारी स्टूल टाकून पंधरा दिवस बसलो आणि तिची उत्तरं वहीत उतरवून घेतली. चिनी माती आणि आपली माती यांत फरक काय, या प्रश्नावर ती म्हणाली, "पांढरी माती सासुरवाशीण हाय सर. केवढी बी आग द्या, सोसती, वर चकाकती. आपली तळ्याची माती माहेरवाशीण. तिला जराशी आच पुरती. जास्त दिली की अंगच सोडती, पाणी व्हतं तिचं."

हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि पुस्तिकेतून काढून टाकलं. छापील कागदावर ते फार घरगुती वाटेल असं मला वाटलं. त्या जागी मी लिहिलं: 'दोन्ही प्रकारांच्या भाजणीचे तापमान भिन्न असते. अधिक माहितीसाठी संचालकांशी संपर्क साधावा.' अशी वाक्यं मला झोपेतही लिहिता येतात. पुस्तिकेवर लेखक म्हणून माझं नाव आलं. मावशी आभाराच्या शेवटच्या ओळीत 'केंद्रातील सर्व कर्मचारीवर्ग' यात सामावली.

तिचं माहेर सिल्लोडकडचं, सासर इथल्या कुंभारवाड्यातलं. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं तिनं कुंभारकाम केलं. माती खणून आणणं, चाळणं, लीद आणि राख घालून मळणं, चाकावरून उतरलेलं ओलं मडकं लाकडी थापीनं ठोकून मोठं करणं, रंग देणं, आवा म्हणजे गोवऱ्यांची भट्टी रचणं, डोक्यावर टोपली घेऊन विकायला जाणं, हे सगळं तिचं. फक्त चाक नवऱ्याचं. त्यांच्यात बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. एकदा झाडताना तिचा पदर चाकाला लागला, तर नवऱ्यानं आधी चाकावर पाणी शिंपडलं आणि मग दिवसभर तिच्याशी अबोला धरला. तो गेला. मुलगा वाळूजला कंपनीत लागला होता, त्याला यात रस नव्हता. चाक अंगणात पडून राहिलं आणि मावशी आमच्याकडं माती मळायला आली.

केंद्रात विजेवर फिरणारी सहा चाकं होती. त्यांवर बँकेतल्या मुली, डॉक्टरांच्या बायका आणि माझ्यासारखे रिकामटेकडे बसत. मावशी आम्हाला मळलेले गोळे आणून द्यायची आणि आमची वाकडी भांडी उचलून न्यायची. बँकेतल्या एका मुलीनं एकदा सरळच विचारलं, मावशी, तुम्ही का नाही बसत? मावशीनं घरची रीत सांगितली. इथं कोण नाही म्हणणार आहे, असं ती मुलगी म्हणाली. मावशीनं हातातला गोळा थापटला. मग म्हणाली, "व्हय. नाय म्हणणारा तर गेला."

मंगळवारी केंद्राला सुट्टी असे. मावशी साफसफाईला यायची आणि मी पुस्तकांचं कपाट लावायला. या बोलण्यानंतरच्या मंगळवारपासून ती फरशी लवकर उरकून चाकावर बसू लागली. पहिल्या दिवशी गोळा उडून भिंतीला लागला. तिनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर धरून इतकी हसली की चाक बंद करायचं राहून गेलं. पुढचे दोन महिने वाकडं-तिकडं निघत राहिलं. पण इतरांना भांडं शेवटी कसं व्हायला हवं हे माहीत नसतं, तिला ते चाळीस वर्षं माहीत होतं. फक्त सुरुवात कशी होते हे तिला कुणी पाहू दिलं नव्हतं.

चैत्र लागला तशी ती करा-केळीबद्दल बोलू लागली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं वारलेल्या माणसांसाठी पाणी भरून ठेवतात. केळी म्हणजे मातीची लहान घागर आणि तिच्यावर ठेवायचा करा म्हणजे तसंच छोटं मडकं. नवरा होता तोवर गल्लीभरच्या करा-केळी तोच करायचा. तो गेल्यापासून मावशी त्याच्यासाठी बाजारातून जोड आणत होती, साच्यात दाबून काढलेली. कुंभाराला साच्यातली केळी ठेवायची, हे तिला दर वर्षी सलत होतं. या वर्षी ती स्वतः करणार होती, चाकावर. "जिता असता तर हात तोडला असता माझा," ती म्हणाली. "आता ये म्हणावं आन् पी माझ्याच हातचं."

त्यासाठी तिनं केंद्राची माती घेतली नाही. माहेरच्या तळ्यातली एक पोतं माती एसटीत पायाशी ठेवून घेऊन आली. चावून पाहिली, आणि या वेळी लगेच थुंकली नाही. तीन मंगळवारांत तिनं नऊ जोड काढले आणि आठ स्वतःच मोडले. नववा ठेवला. मला भांड्यातलं फारसं कळत नाही, पण ती केळी पाहिल्यावर आपण आजवर जे करत होतो ते थांबवावं, एवढं कळलं.

आता ती भाजायची होती. केंद्राच्या आवारात गोवऱ्या लावून छोटा आवा रचू का, असं तिनं विचारलं. शेजारच्या सोसायटीला धूर चालणार नव्हता. मग विजेची भट्टी एकदा कमी आचेवर वेगळी लावून द्या, असं ती संचालकांना म्हणाली. सण चार दिवसांवर होता आणि संचालकांचं प्रदर्शन आठ दिवसांवर. त्यांचा पोर्सेलीनचा चहाचा सेट त्याच दिवशी भट्टीत जायचा होता. दोन गाडग्यांसाठी वेगळी भट्टी कशाला, माझ्याबरोबरच ठेवू, असं ते मोठ्या मनानं म्हणाले. परंपरा आणि आधुनिकता एकाच भट्टीत, हा विचार त्यांना तिथल्या तिथं सुचला आणि आवडला.

"सायेब, ती आग हिला सोसायची नाय. वितळंल," मावशी म्हणाली.

"मावशी, ते आव्याचं झालं. इथं कॉम्प्युटर आहे."

मी तिथंच होतो, फार तर चार पावलांवर. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला माहीत होतं, माझ्या वहीत दोन रेघांसह होतं. पण संचालकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असा विचार मी केला. आयुष्यभर ज्या विचाराची टिंगल केली तोच. संचालकांची चूक साधी होती. त्यांनी आजवर वापरलेली प्रत्येक माती कंपनीच्या पिशवीतून आलेली होती, लालसुद्धा. त्या पिशव्यांवर छापलेलं तापमान साडेबाराशे अंशांच्या आसपासच असे. पिशवी नसलेली माती त्यांनी पाहिलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. करा नव्हता आणि केळीही नव्हती. वरच्या फळीवर काळपट, चकचकीत थारोळं होतं. ते काठावरून ओघळून खालच्या फळीवरच्या सहा पांढऱ्या कपांवर उतरलं होतं आणि त्यांना धरून तिथंच गोठलं होतं. मावशीनं आत हात घातला, वरच्या थारोळ्यावर बोट फिरवलं. त्या दिवशी तिनं फरशी पुसली आणि वेळेवर घरी गेली.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. समिती म्हणजे संचालक, एक निवृत्त इंजिनिअर आणि मी. मावशीला उभं करून विचारलं गेलं की केंद्राबाहेरची माती परवानगीशिवाय का आणली. ती म्हणाली, माती बाहेरची होती आणि वितळेल असं मी आधीच सांगितलं होतं. संचालक म्हणाले, असं काही आपल्या कानावर आलं नाही. मग ती म्हणाली, "सर व्हते की तिथं."

इंजिनिअरसाहेब माझ्याकडं वळले. प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका समोर टेबलावर होती. तिच्यावर प्रास्ताविक करणारा म्हणून माझं नाव होतं, नावामागं 'व्यासंगी' असं विशेषण होतं. शाल-श्रीफळावर मी किती खवचट बोललो आहे याचे साक्षीदार या शहरात पुष्कळ आहेत.

"नेमकं आठवत नाही," मी म्हणालो.

मावशीला उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं गेलं. तिनं वाद घातला नाही. एवढंच विचारलं की जे वितळलंय ते मला मिळंल का. ते केंद्राच्या मालमत्तेला चिकटलं असल्यामुळं देता येत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला तिनं काय ठेवलं, मला माहीत नाही. प्रदर्शनात मात्र ते थारोळं फळी आणि कपांसकट दिव्याखाली मांडलेलं होतं. खाली पट्टी होती: 'परंपरेचा प्रवाह. माध्यम: स्थानिक माती व पोर्सेलीन.' पुढं संचालकांचं नाव. पाहुण्यांना सगळ्यांत जास्त तेच आवडलं. मी प्रास्ताविक केलं, शाल घेतली. चांगल्यापैकी शाल होती.

दोनेक महिन्यांनी कळलं की मावशी उस्मानपुऱ्यात एका पोळी-भाजी केंद्रात कणीक मळते. मी काही दिवस तो रस्ता टाळला. मग एका दुपारी गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. खिडकीच्या आत ती परातीवर वाकलेली होती. मला पाहून मान वर केली आणि किती पोळ्या, असं विचारलं. सहा, मी म्हणालो. मग घाईघाईनं बाकीचंही सांगून टाकलं. की तू भट्टीजवळ बोललीस ते मी ऐकलं होतं. सगळं शब्दन् शब्द आठवतंय. त्या दिवशी मी खोटं बोललो.

तिनं पोळ्या कागदात बांधल्या आणि पुडकं माझ्यापुढं सरकवलं.

"मला कशाला सांगताय सर? मला तर ठाऊकच व्हतं. तिथं सांगायचं व्हतं."

मागच्या माणसानं, काका, जरा सरका, म्हटलं. मी सरकलो.

कलाकेंद्र माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. 'परंपरेचा प्रवाह' आता दारातच काचेच्या पेटीत ठेवला आहे आणि पेटीखाली माझ्या पुस्तिकेच्या प्रती ठेवल्या आहेत, कुणीही उचलाव्यात अशा. समितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. मी नियमानं जातो. अजून बोललेलो नाही.