वीस किलोची अट

वैशाली सत्ताविसाव्या पावलाला पडली. मातीचं घमेलं एकीकडे, ती दुसरीकडे. मी फॉर्मवर आकडा लिहिला. अट पन्नास पावलांची होती, वजन वीस किलो.

येडगावजवळ नदीकाठी आमचं उत्खनन चालू होतं. मी साइट सुपरवायझर. साइट असिस्टंटच्या दोन जागा, उमेदवार पाच. वैशाली घोडेगावच्या वरच्या डोंगरातली, पुरातत्त्वात एम. ए. डावा पाय लहानपणापासून अधू, हातात काठी.

डायरेक्टर घड्याळ बघत म्हणाले, "अनफिट लिहा. मंचरचं ट्रॅफिक वाढायच्या आत मला निघायचंय."

ती कपडे झटकत उठली. "सर, या पोस्टवर घमेलं कोण उचलतं?"

मजुरांचे मुकादम धोंडूभाऊ शेजारीच होते. ते म्हणाले, "आमीच की. लिहिणाऱ्यानं घमेलं उचललेलं म्या तरी कदी बगितलं न्हाई."

खरं होतं. असिस्टंटचं मुख्य काम सेक्शन काढायचं. सेक्शन म्हणजे खड्ड्याची उभी कापलेली भिंत. तिच्यात मातीचे थर दिसतात, ते मोजून कागदावर उतरवायचे. तीन वर्षं मी हीच अट दाखवून माणसं परत पाठवली होती. माझी स्वतःची कंबर गेलेली. पाण्याची बादलीही मी उचलत नव्हतो. पण मला कोण विचारणार?

"सर, पाचही जणांकडून सेक्शन काढून घेऊ," मी म्हणालो.

"आणि ही खड्ड्यात पडली तर?"

"जबाबदारी माझी."

"लेखी द्या."

खड्डा दहा फूट खोल होता. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तरी लिहून दिलं.

वैशालीनं काठी आधी खाली टाकली. शिडीला हात लावला आणि थांबली. "ही हलतेय. वरून बांधा."

धोंडूभाऊंनी दोरी आवळली. ती उतरू लागली. निम्म्यावर अधू पाय घसरला. डायरेक्टर ओरडले. ती दोन्ही हातांवर लोंबकळली, पायानं दांडा चाचपला, टेकवला.

"उतरतेय, सर. बोलू नका."

दोन तासांनी पाचही कागद हातात आले. वैशालीकडून राखेचा एक पातळ थर सुटला होता, पण मापं बिनचूक. पाचांत दुसरी. डायरेक्टरांनी कागद पुन्हा तपासले आणि तिच्या निवडीवर सही केली.

पुढच्या जाहिरातीतून वजनाची अट गेली. मी जुनी फाइल काढून 'अनफिट' शेरा मारलेल्या दोघांना फोन लावला. एकानं उचललाच नाही. दुसरी जुन्नरची मुलगी, एका हातात जोर नसलेली.

"जागा निघाल्यात. अर्ज करतेस का?"

"लई उशीर केलात, सर. मी ते सगळं सोडलं. कापडाच्या दुकानात लागले."

जाहिरातीत आधी काम लिहावं, मग अट. एवढी साधी गोष्ट मला कळेपर्यंत ती मुलगी साड्यांच्या घड्या घालायला लागली होती.